जनतेचा रेडिओ, किंमत ७६ मार्क: व्हीई ३०१ आणि डीकेई ३८ यांचं परीक्षण

जुने व्हॉल्व्ह रेडिओ जमवणाऱ्यांमध्ये व्हीई ३०१ या नाझी काळातल्या जर्मन रेडिओबद्दल एक समज पक्का बसलेला आहे. या सेटवर फक्त जर्मन स्टेशनं लागायची, परदेशी स्टेशन लागूच नये अशी कळ आत बसवली होती, असं सांगितलं जातं. विकणारेही भाव चढवायला हीच गोष्ट ऐकवतात. मागचं झाकण काढलं की पाच मिनिटांत तिचा फोलपणा कळतो. आत अशी कुठलीच कळ नाही. एक कॉइल, एक गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवायचा भाग) आणि तीन व्हॉल्व्ह आहेत. काटा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरळीत फिरतो. सेट बरा की वाईट हे ठरवताना हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही, कारण नाझी प्रचाराचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घरगुती हत्यार हेच होतं.

आधी ओळख. जर्मन नाव फोल्क्सएम्फेंगर, म्हणजे जनतेचा रेडिओ. १८ ऑगस्ट १९३३ रोजी बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. ३०१ हा आकडा ३० जानेवारीचा, म्हणजे हिटलर चान्सलर झाला त्या तारखेचा. सर्किट झाइब्ट कंपनीच्या ओटो ग्रीसिंगचं आणि बेकेलाइटची पेटी वॉल्टर मारिया केर्स्टिंगची. सरकारने २८ कारखान्यांना एकच नकाशा दिला आणि एकच किंमत बांधून दिली: विजेवरचा सेट ७६ मार्क, बॅटरीवरचा ६५. बाजारातल्या तशाच सेटच्या हे जवळपास निम्मं होतं. कामगाराची दोन-तीन आठवड्यांची कमाई त्यात जायची, पण हप्त्यांची सोय होती. शिवाय दरमहा दोन मार्क लायसन्स फी. आपल्याकडे रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचे, तसंच तिथेही ते पोस्टामार्फतच वसूल व्हायचं. फरक इतकाच की त्या फीचा एक हिस्सा थेट गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाकडे जायचा. म्हणजे आपल्याला जे ऐकवलं जातं त्याचे पैसे ऐकणारा स्वतःच भरत होता.

यंत्र म्हणून मात्र हा सेट काटकसरीचा उत्तम नमुना आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. विजेवरच्या पहिल्या मॉडेलमध्ये आरईएन ९०४ हा डिटेक्टर, आरईएस १६४ हा आउटपुट आणि आरजीएन ३५४ हा रेक्टिफायर. ट्यूनिंगचं सर्किट एकच, आणि कमी पडणारी ताकद रिॲक्शनने, म्हणजे वाढवलेला सिग्नल पुन्हा मागे फिरवून, भरून काढलेली. मध्यम आणि लांब लहरी आहेत, लघुलहरी नाहीत. आजच्या अर्थाने व्हॉल्यूमचं बटणही नाही. आवाज कमी करायचा तर अँटेनाचं कपलिंग सैल करायचं, वाढवायचा तर घट्ट. मागे अँटेनासाठी एकाहून जास्त सॉकेट आहेत. तार कितीची, स्टेशन किती लांब, यावरून कुठल्या सॉकेटात पिन घालायची ते ठरतं.

स्टेशन लावणं ही हाताची कला आहे. पंधरा-वीस मीटर तार उंच बांधा आणि अर्थिंग नीट द्या, कारण अर्थिंग ढिली असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. रिॲक्शन हळूहळू वाढवा. आधी स्पीकरमध्ये सूं असा भरीव आवाज येतो, मग एक बारीक टुक, आणि मग शिट्टी. शिट्टीच्या केसभर अलीकडे थांबायचं. तिथे सेटची ताकद सर्वांत जास्त असते आणि आवाजही अजून फाटलेला नसतो. हात जड पडला आणि शिट्टीच्या पलीकडे गेलात तर सेट स्वतःच छोटा ट्रान्समीटर होतो, आणि ती शिट्टी अँटेनातून शेजारच्यांच्या रेडिओत जाते. १९३९ नंतर मध्यरात्री हा हात जड पडण्याला काय अर्थ होता, ते पुढे येईलच.

खरा दोष सिलेक्टिव्हिटीचा, म्हणजे शेजारशेजारची स्टेशनं वेगळी काढण्याचा. ट्यूनिंगचं सर्किट एकच असल्याने जवळचं दांडगं स्टेशन अर्ध्या पट्टीवर पसरतं आणि शेजारचं बारीक स्टेशन त्याखाली दबतं. तेव्हाच्या जर्मन शहरात हे जवळचं दांडगं स्टेशन सरकारीच असायचं. ‘परदेशी लागत नाही’ या समजाची मुळं इथे आहेत. पण उपायही तेव्हाच बाजारात मिळत होता: अँटेना आणि सेट यांच्यामध्ये जोडायचा वेव्हट्रॅप. एक कॉइल आणि एक कंडेन्सर, एवढाच मामला. स्थानिक स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीवर तो लावला की ते खाली बसतं आणि पलीकडचं वर येतं. रात्री मध्यम लहरी लांबवर पोचतात. त्यामुळे चांगली तार, अर्थिंग आणि हा ट्रॅप असला की स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर किंवा बीबीसीची जर्मन सेवा या गरिबाच्या सेटवरही ऐकू यायची. सरहद्दीजवळच्या गावांना तर दिवसाही. बीबीसीची ही सेवा सप्टेंबर १९३८ मध्ये सुरू झाली होती.

म्हणून अडवायचं काम यंत्राऐवजी कायद्यावर टाकलं गेलं. १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशीच्या तारखेचा हुकूम आहे: परदेशी स्टेशन ऐकणाऱ्याला सक्तमजुरी, ऐकलेलं दुसऱ्यांना सांगून पसरवणाऱ्याला गंभीर प्रकरणात मृत्युदंड. या हुकमाबरोबर एक छोटं कार्ड वाटण्यात आलं. मधोमध भोक असलेला जाड कागद, ट्यूनिंगच्या बटणावर अडकवायचा. त्यावरच्या मजकुराचा आशय असा: ध्यानात ठेवा, परदेशी स्टेशन ऐकणं हा आपल्या जनतेच्या राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धचा गुन्हा आहे, फ्युररच्या आज्ञेनुसार त्याला कडक सक्तमजुरीची शिक्षा होते. ज्या सेटवर परदेशी स्टेशन लागतच नाही, त्याच्या बटणात असलं कार्ड अडकवायची कुणाला गरज पडली असती? पोलिसांकडे जाणाऱ्या तक्रारीही बऱ्याच वेळा शेजारीपाजारी किंवा घरातलंच कुणीतरी करायचं. लोक रेडिओवर घोंगडी टाकून ऐकत ते उगाच नाही, आणि रिॲक्शनची शिट्टी भिंतीपलीकडे जाणं किती महाग पडू शकत होतं हेही त्यावरून कळतं.

आता आतून काय यायचं त्याकडे. प्रदर्शनाच्या उद्घाटनात गोबेल्स म्हणाला की एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्रांचं जे स्थान होतं ते विसाव्या शतकात रेडिओचं असेल. त्याच ऑगस्टमध्ये जर्मन रेडिओ ज्यांनी उभा केला त्यातले काही लोक ओरानियनबुर्गच्या छळछावणीत नेले गेले होते. हान्स फ्लेश त्यांच्यातलाच: फ्रँकफुर्टहून जर्मनीतली पहिली रेडिओ नाटिका करणारा, पुढे बर्लिन केंद्राचा प्रमुख, ज्यू वंशाचा. म्हणजे पेटी जनतेला द्यायची आणि त्याच सुमारास पेटीत बोलणारी माणसं बदलायची, असा हा दुहेरी व्यवहार होता. सप्टेंबरमध्ये संस्कृती-मंडळाचा कायदा आला आणि ऑक्टोबरमध्ये संपादकांचा. रेडिओ, वर्तमानपत्रं, संगीत, नाटक, सगळीकडून ज्यूंना दारं बंद झाली. ज्यू वंशाच्या मेंडेल्सझोन या संगीतकाराचं संगीत कार्यक्रमांतून गायब झालं. रोज ऐकणाऱ्याला यातलं फारसं जाणवलंच नसेल, कारण वगळलेल्या गोष्टीला आवाज नसतो.

प्रचार म्हणजे रात्रंदिवस आरडाओरड, अशी अनेकांची कल्पना असते. १९३३ मध्ये काही काळ तसं झालंही, भाषणांवर भाषणं. पण त्याच मार्चमध्ये गोबेल्सने रेडिओच्या अधिकाऱ्यांना बजावलं होतं की पहिला नियम कंटाळवाणं न होण्याचा. पुढे सेटमधून मुख्यतः गाणी, वाद्यवृंद, हलकेफुलके कार्यक्रम यायला लागले. युद्धात सैनिकांच्या फर्माइशीच्या मैफली आल्या. विष या सगळ्याच्या मधल्या फटींतून यायचं: बातम्या, भाष्य, मोठ्या दिवसाचं भाषण. संध्याकाळचा स्वयंपाक चाललेला, गाणं संपलं, आणि कुणीतरी शांत, सुशिक्षित आवाजात सांगतो की या महागाईमागे, या युद्धामागे ‘आंतरराष्ट्रीय ज्यू’ आहे. रेडिओवरचा भाष्यकार हान्स फ्रित्झशे याचा आवाज असाच होता. कर्कश नव्हता, समजावून सांगणाऱ्या मास्तरासारखा होता.

त्याच्या शेजारी न्युरेंबर्गचा नाझी पुढारी युलियुस श्ट्राइखर याचं ‘डेर श्ट्युर्मर’ ठेवून पाहा. ते साप्ताहिक १९२३ पासूनचं. विद्रूप व्यंगचित्रं, खोट्या रक्तबळीच्या कहाण्या, आणि दर अंकात तळाला ‘ज्यू हेच आमचं दुर्दैव’ हे वाक्य. अंक फुकट वाचता यावेत म्हणून बसस्टॉपवर, चौकात काचेच्या पेट्या. अनेक सभ्य जर्मन घरांत हे साप्ताहिक गलिच्छ मानलं जायचं. रेडिओ गलिच्छ नव्हता. तो दिवाणखान्यात होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल होता. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात श्ट्राइखरला फाशी झाली आणि फ्रित्झशे निर्दोष सुटला. निकालाची कायदेशीर बाजू काहीही असो, दोन माध्यमांच्या पोतातला फरक त्यात दिसतो.

मोठ्या भाषणांचं वेळापत्रक या सेटशी विचित्रपणे जुळतं. ज्या ३० जानेवारीवरून सेटला नाव मिळालं, त्याच तारखेला १९३९ मध्ये हिटलरने राइशस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, जाहीर केलं की जागतिक युद्ध झालं तर परिणाम युरोपातल्या ज्यू वंशाच्या सर्वनाशात होईल. पुढच्या भाषणांत त्याने या ‘भाकिता’ची आठवण पुन्हा पुन्हा करून दिली आणि अनेकदा तारीख १ सप्टेंबर १९३९ सांगितली, म्हणजे युद्धाच्या पहिल्या दिवसाची. १९४१ च्या शरदात गोबेल्सचे ‘डास राइश’ या साप्ताहिकातले लेख शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर वाचले जात होते. १६ नोव्हेंबर १९४१ च्या त्याच्या लेखाचं शीर्षकच ‘दोष ज्यूंचा आहे’ असं होतं. ज्यू समाज आता हळूहळू नष्ट होण्याच्या प्रक्रियेतून जातो आहे, असं त्यात उघड लिहिलं होतं. तोवर ज्यूंना कपड्यांवर पिवळी चांदणी लावणं सक्तीचं होऊन दोन महिने झाले होते, आणि बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनातून त्यांना घेऊन पूर्वेकडे गाड्या सुटायला लागून महिना.

सगळ्यात जवळून ऐकण्यासारखी जागा १८ फेब्रुवारी १९४३ ची. बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये गोबेल्सचं ‘सर्वंकष युद्ध’ भाषण, त्याच रात्री रेडिओवरून देशभर. ज्यूंच्या संदर्भात त्याच्या तोंडून ‘उच्छेद’ या अर्थाचा जर्मन शब्द निम्मा बाहेर पडतो, तो मध्येच थांबतो आणि ‘वगळणे’ या अर्थाचा शब्द जोडून वाक्य पूर्ण करतो. जर्मनमध्ये दोन्ही शब्दांचा पहिला तुकडा एकच असल्याने हा सांधा जमून जातो. छापील भाषणात सगळं सफाईदार आहे. ध्वनिमुद्रणात मात्र तो अडखळ शाबूत आहे आणि सभागृहातल्या टाळ्याही. घरोघरच्या जनतेच्या रेडिओंनी त्या रात्री नेमकं हेच ऐकवलं. ‘आम्हाला काही कळायला मार्गच नव्हता, आमच्या सेटवर दुसरं काही लागत नव्हतं’ ही सबब यंत्राच्या अंगानेही टिकत नाही आणि कार्यक्रमाच्या अंगानेही टिकत नाही.

परिणाम किती झाला, यावर मात्र सरसकट बोलू नये. १९३३ मध्ये जर्मनीत साधारण ४३ लाख लायसन्सं होती, दहा वर्षांत ती दीड कोटीच्या वर गेली. पण रेडिओ पोचला म्हणजे सगळीकडे सारखा द्वेष पेरला गेला असं झालं नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात वेगवेगळ्या भागांतल्या रेडिओच्या पोचीची तुलना आहे. ज्या गावांत ज्यूद्वेष पूर्वापार मुरलेला होता तिथे प्रचार जोरात लागू पडला, आणि जिथे तो पूर्वी कमी होता तिथे उलटलाही. ज्याच्या कानाला हा सूर आधीच ओळखीचा होता, त्याच्या घरात सेटने सर्वात चांगलं काम केलं.

आणि एका गटाच्या घरात हा सेट राहूच दिला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना रेडिओ जमा करायचा हुकूम झाला. दिवस ठरला २३ सप्टेंबर, त्या वर्षीचा योम किप्पुर, म्हणजे उपवासाचा आणि प्रार्थनेचा त्यांचा सर्वात पवित्र दिवस. त्याच महिन्यात त्यांना रात्री घराबाहेर पडायची बंदी आली, उन्हाळ्यात नऊनंतर, हिवाळ्यात आठनंतर. पुढच्या वर्षी टेलिफोन गेला, नंतर वर्तमानपत्रंही गेली. ज्यांच्याविषयी रोज बोललं जात होतं, त्यांनाच काय बोललं जातंय हे ऐकायची सोय उरली नाही.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. व्हीई ३०१ घेताना आधी स्पीकर तपासा. तो चुंबकी प्रकारचा आहे आणि त्याच्या कॉइलमधून आउटपुट व्हॉल्व्हचा डीसी सतत वाहतो. ओव्हरलोड झाला की कॉइलच जळते. मल्टिमीटरवर सर्किट ओपन दाखवलं तर रिवाइंडिंगचा खर्च आधी धरा. फिल्टरचा कंडेन्सर ब्लॉक जुना असेल तर तो लीक होतोच, आणि त्यापायी बिचारा आरजीएन ३५४ बळी जातो. थेट प्लगमध्ये घालू नका. ४० किंवा ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून पहिला करंट द्या, बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. ट्रान्सफॉर्मरचा टॅप मूळचा कुठे लावला आहे ते बघून मगच आपल्या २३० व्होल्टवर द्या. वायरींवरचं रबर हात लावताच पीठ होतं, ते सगळं बदलावंच लागतं.

१९३८ चं धाकटं भावंड, डीकेई ३८, फक्त ३५ मार्कांचं. लोकांनी त्याचं नाव ‘गोबेल्सचं थोबाड’ पाडलं होतं. आत दोनच व्हॉल्व्ह, व्हीसीएल ११ आणि व्हीवाय २. ट्रान्सफॉर्मर नाही, चासी (आतला सांगाडा) पर्टिनॅक्सची, म्हणजे राळ भरलेल्या कागदाच्या पत्र्याची, स्पीकरची चौकट दाबलेल्या पुठ्ठ्याची. पट्टीवर स्टेशनांची नावंही नाहीत, नुसते आकडे. फिलामेंटं सिरीजमध्ये: ९० व्होल्ट आणि ३० व्होल्ट, करंट ५० मिलिअँपिअर. म्हणजे १२० व्होल्ट तिथे जातात आणि उरलेले रेझिस्टरवर सोडायचे असतात. २२० ला २ किलोओहम पुरतो, आपल्या २३० ला २.२, आणि जिथे २४० येतं तिथे २.४. पाच ते सहा वॅट उष्णता होते, म्हणून रेझिस्टर दहा वॅटचा घ्या. कपलिंग कंडेन्सर न तपासता बदला. तो लीक झाला की आउटपुटच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह चढतो आणि व्हीसीएल ११ जातो, आणि हा व्हॉल्व्ह इतका दुर्मिळ झाला आहे की त्याचा भाव सेटच्या भावाशी स्पर्धा करतो. शिवाय आतला सगळा भाग मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, थेट जोडलेला आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मागचं झाकण काढून याच्यावर काम करू नका, बटणांच्या स्क्रूलासुद्धा करंट असू शकतो. दोन्हींपैकी एकच घ्यायचा असेल तर व्हीई ३०१ घ्या. डीकेई दुरुस्तीला सोपा वाटतो, पण चूक अजिबात माफ करत नाही.

पेटीवर गरुड आणि नाझींचा हाकेनक्रॉइझ, म्हणजे वाकड्या टोकांचा क्रूस, असतो. बऱ्याच सेटवर तो खरवडलेला दिसतो, कारण १९४५ नंतर रेडिओ हवा होता पण खूण नको होती. हा ओरखडा म्हणजे नुकसान समजून कुणी पुन्हा घासूनपुसून चिन्ह ‘पूर्ववत’ करून देत असेल तर तो सेट घेऊ नका. ओरखडा हा सेटच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि नवं चिन्ह नुसता गिऱ्हाईक ओढायचा माल. जर्मनीत ते चिन्ह उघड मिरवणं गुन्हा आहे, तिथले विक्रेते जाहिरातीतल्या फोटोत ते झाकतात.

बटणावरच्या कार्डाच्या नव्या छापील नकलाही सेटबरोबर विकायला येतात. अस्सल म्हणून जास्त पैसे देऊ नका, मात्र सेट शाळेत किंवा प्रदर्शनात मांडायचा असेल तर नक्कल चालते. कार्ड अडकवा, शेजारी मजकुराचा मराठी अर्थ ठेवा आणि बटणाला हात लावू द्या. कार्ड अडकवलेलं असतानाही काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतो.